‘थोडं पुढं जाऊ या’ महागात पडतं

परीक्षा संपत आल्या की घराघरांत सुटीचे बेत सुरू होतात. इथे उन्हाची काहिली, म्हणून सिक्कीम, मनाली, काश्मीर ही नावं हमखास निघतात. हॉटेल कसं आहे, जेवण आपल्या पद्धतीचं मिळेल का, सगळी चौकशी आपण बायका बारकाईनं करतो. पण ज्या बर्फासाठी एवढा खर्च करायचा, त्या बर्फाची चौकशी मात्र कुणी करत नाही!

४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोकहून नथुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिमस्खलन झालं आणि सात पर्यटक दगावले. त्यात एक लहान मूलही होतं. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते. अपघात झाला तो पंधराव्या मैलाच्या आसपास. परवानगी नसताना पर्यटक पुढे जातात, असं तपासणी नाक्यावरच्या अधिकाऱ्यानंही तेव्हा सांगितलं. ‘एवढ्या लांबून आलोय, थोडं पुढं जाऊ या ना,’ हे वाक्य आपल्यापैकी कुणी म्हटलेलं नाही? बिचारा ड्रायव्हर! त्याचं पोट गिऱ्हाइकावर. तो किती वेळा नाही म्हणणार?

हिमस्खलन म्हणजे भर थंडीतली गोष्ट, असा आपला समज असतो. पण वसंतातला बर्फही तितकाच फसवा. हिवाळाभर थरावर थर साचलेले असतात. ऊन तापलं, पाऊस पडला की पाणी आत झिरपतं, थरांची एकमेकांवरची पकड सुटते आणि ओला, जड बर्फ उतारावरून सुटतो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर तोच बर्फ गोठून पहाटे टणक होतो. रात्रभर ढग असले तर नीट गोठतही नाही. म्हणून जाणते वाटाडे पहाटे निघतात आणि ऊन चढायच्या आत धोक्याच्या उतारावरून परततात. पाय घोट्याच्या वर रुतायला लागला, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, की मागे फिरायचं. नव्यानं बर्फ पडल्यावर पहिले एक-दोन दिवस तर जास्तच जपायचं.

आपल्याकडची पुष्कळ मुलं-मुली आता हिमालयात ट्रेकला जातात. सह्याद्रीतले गड पालथे घातलेल्या पोराला आत्मविश्वास असतो, आणि तो असावाच. पण कातळ आणि बर्फ यांचे स्वभाव वेगळे. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार हिमस्खलनाला सर्वांत सोयीचा, आणि नेमका तोच चढायला-घसरायला मजेचा वाटतो! असा उतार ओलांडायचाच झाला तर एकेकानं, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून लक्ष ठेवायचं. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची आशा चांगली असते, पुढे ती झपाट्यानं घटते. तेवढ्या वेळात बाहेरची मदत येत नाही. म्हणून आडवाटेच्या बर्फात प्रत्येकाकडे ठिकाण सांगणारा बीकन, बर्फात खुपसून शोधायची लांब सळई आणि फावडं हवं, आणि ते वापरायचा सरावही.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात माणा गावाजवळ रस्तेबांधणी करणाऱ्या मजुरांच्या छावणीवर बर्फ कोसळला. चोपन्न जण अडकले, आठ जण गेले. ते पोटासाठी तिथे होते. आपण हौसेनं जातो, म्हणजे न जाण्याची मुभा आपल्याला असते. ती वापरायला काय हरकत आहे?

तेव्हा मैत्रिणींनो, पैसे भरण्याआधी सहल कंपनीला चार प्रश्न विचारा. हिमस्खलनाचा इशारा रोज कोण बघतं? (चंदीगडची ‘डीजीआरई’ ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळा असे इशारे देते.) वाटाड्या स्थानिक आहे का? परवाना कुठपर्यंतचा? आणि हवेमुळे मागे फिरावं लागलं तर पैशांचं काय? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण पैसे बुडायच्या भीतीनंच माणसं हट्टाला पेटतात. आणि ड्रायव्हर ‘इथून पुढे नको’ म्हणाला, तर गाडीतल्या मंडळींना गप्प करायचं काम आपण करायचं. फोटो तेराव्या मैलावरही छान येतात.