पेशींचें पाऊल

घरांत बाळ जन्मलें म्हणजे त्याची नाळ पडली कीं नाहीं, हें वडीलधाऱ्या बायका आवर्जून विचारतात. सामान्यतः ती एकदोन आठवड्यांत गळून पडते. महिना लोटला तरी ती पडली नाहीं, तर त्याच्या मुळाशीं क्वचित् पेशींच्या चालण्यांतील दोष असण्याचा संभव असतो.

रक्तांतील पांढरी पेशी जंतूंवर चालून जाते, तेव्हां तिला रक्तवाहिनीची भिंत धरून फटींतून पलीकडे जावें लागतें. तिला पाय तर नाहींत. मग ती चालते कशी? तिच्या पोटांत ॲक्टिन नामक प्रथिनाच्या तंतूंचा सांगाडा असतो. आपल्या हाडांचा सांगाडा टिकाऊ. हा मात्र क्षणोक्षणीं मोडतो व पुन्हां रचला जातो. पुढील अंगास तंतु वाढले कीं पेशीचें आवरण पुढें ढकललें जातें. मागील अंग मायोसिन नामक प्रथिन आंखडून घेतें.

परंतु कोठें रचावें व कोठें मोडावें, हें सांगतें कोण? पेशीच्या आवरणांतून आरपार गेलेलीं इंटेग्रिन नांवाचीं प्रथिनें असतात. त्यांचें बाहेरचें टोंक आधार पकडतें. आंतलें टोंक टॅलिनादि मध्यस्थांच्या द्वारें तंतूंशीं जोडलेलें असतें. पकड बसतांच ती वार्ता आंत पोंचते. इ. स. १९९२ मध्यें लंडन येथें ॲन रिडली व ॲलन हॉल यांनीं दाखविलें कीं, पेशींतील रॅक हें प्रथिन जागृत झाल्यास कडेला तंतूंचें जाळें पसरतें, व रो जागृत झाल्यास तंतूंचे जाड जुडगे बनून पकड दृढ होते. पकडीची वार्ता या दोहोंसहि जागें करते, हें पुढें सिद्ध झालें. पकड अति घट्ट झाली तर पेशी अडते. अति सैल झाली तर तिला जोरच लावतां येत नाहीं.

कांहीं थोड्या बालकांत या इंटेग्रिनांचा एक घटक जन्मतःच सदोष असतो. हा दोष आई व बाप या दोघांकडून आला तरच रोग होतो. मग रक्तांत पांढऱ्या पेशी विपुल असूनहि त्या बाहेर पडूं शकत नाहींत. जखम चिघळते, पण पू होत नाहीं; कारण पू म्हणजे बहुतांशीं याच पेशींचा समुदाय. नाळ सुटण्यासहि त्या तेथें पोंचाव्या लागतात. तीव्र रोगांत दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचें रोपण करणें हा उपाय आहे.

नाळ उशिरां पडली म्हणजे हाच रोग, असें मात्र नव्हे. तथापि तीन आठवडे उलटल्यास डॉक्टरांस दाखवावें. आणि बेंबी लाल झाली किंवा ताप आला, तर अंगारे-धुपारे करीत एक दिवसहि दवडूं नये.