खानदेशच्या नाटकांचे दप्तर रद्दीत का?



राज्य नाट्य स्पर्धेची जळगाव केंद्रावरची प्राथमिक फेरी आटोपली की वर्तमानपत्रांत निकाल छापून येतो. काही वर्षांनी त्या प्रयोगांचा बहुधा तेवढाच पुरावा उरतो. बाकीचे दप्तर दिग्दर्शकाच्या माळ्यावर पडून असते आणि घर बदलले की रद्दीत जाते. हे थांबायलाच हवे.

त्यासाठी नवी वास्तू नको, धुळ्यात संस्था आहेच. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि १९२७ मध्येच तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे हुडकून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले. त्यांच्या मंडळाला नाटकाचे दप्तर परके वाटू नये.

नाटक प्रयोगात जगते, कागद कशाला, असे खुद्द रंगकर्मीच म्हणतात. पण हौशी संस्थांच्या संहिता सहसा छापल्याच जात नाहीत, आणि छापल्या तरी तालमीत बदलतात. तालमीच्या वहीत प्रमाण मराठीतले वाक्य पेन्सिलीने खोडलेले असते, समासात त्याच्या जागी अहिराणी किंवा लेवा बोलीतले वाक्य, शेजारी दिव्यांचे क्यू, पानांत टेम्पोभाड्याची पावती. जळगावच्या ‘परिवर्तन’ संस्थेने श्रीकांत देशमुखांच्या लेखनावरून ‘नली’ हे एकल नाट्य उभे केले. हर्षल पाटील ते एकटे रंगवतात. कागदावरचे गद्य रंगमंचावर येताना काय गळले, काय वाढले, हे मूळ पुस्तकात कसे सापडणार?

वहीचे मोल जळगावने तर पाहिलेले आहे. कवयित्री बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. घरच्यांनी ओव्या उतरवून ठेवल्या, म्हणून बहिणाबाई गेल्यानंतर १९५२ मध्ये संग्रह निघू शकला.

नाटकांची दप्तरे जपायला कोलकात्यात प्रतिभा अग्रवाल यांनी १९८१ मध्ये नाट्य शोध संस्थान काढले, दिल्लीत नेमिचंद्र जैन यांनी नटरंग प्रतिष्ठान. खानदेशाला एवढा पसारा नको. राजवाडे मंडळ आणि बहिणाबाईंच्या नावाचे विद्यापीठ यांनी मिळून संस्थांकडून वह्या, फोटो, निमंत्रणपत्रिका मागवाव्यात, स्कॅन करून मूळ प्रती परत द्याव्यात. हक्क लेखकाकडेच राहावेत. हिशेबवह्या मात्र वगळू नयेत. वर्गणी किती जमली, उधारी कुणाची राहिली, हे कळल्याशिवाय प्रायोगिक नाटक इथे कसे तगले ते समजणार नाही.

सुरुवात व्हिडिओ कॅसेटपासून करावी. जळगावचा उन्हाळा आणि पावसाळ्यातली बुरशी यांच्यापुढे फीत कागदाच्या आधी जाते, आणि कॅसेट चालवणारी यंत्रेही आता दुरुस्त करून मिळणे अवघड झाले आहे.

— एक नाट्यप्रेमी वाचक, जळगाव