पडीक जमिनीचे दप्तर आणि माळढोकाचा नकाशा

उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमा आणि संगणकावर एकावर एक मांडलेले नकाशांचे थर यांच्या साहाय्याने वन्य प्राण्यांचा योग्य अधिवास शोधून काढण्याची जी विद्या गेल्या काही दशकांत विकसित झाली आहे, तिच्याविषयी वनखात्यात आणि विद्यापीठांत दिसणारा उत्साह अनाठायी नाही. भूमीचा उतार, पर्जन्यमान, वनस्पतींचे आच्छादन, पाणवठ्यापासूनचे अंतर, रस्ते आणि वस्ती यांची नोंद करावयाची, प्राणी प्रत्यक्ष दिसला त्या स्थळांशी तिचा मेळ घालावयाचा आणि तशाच गुणांची अन्य स्थळे हुडकावयाची, ही पद्धती तर्कशुद्ध आहे. शिवाय 10 मीटरपर्यंतचा तपशील दाखविणाऱ्या सेंटिनेल उपग्रहाच्या प्रतिमा आज विनामूल्य मिळतात आणि क्यूजीआयएससारखी आज्ञावली तालुक्याच्या गावी बसलेला विद्यार्थीही चालवू शकतो. मात्र भूमीच्या ज्या वर्गवारीवर हे साधन चालते, तिची झडती फारशी कोणी घेत नाही.

इंग्रजी अमदानीत 1835 साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अंमलदारांनी मुंबई इलाख्याच्या नव्या जमाबंदीस इंदापूर तालुक्यापासून प्रारंभ केला, तेव्हा जमिनीची प्रत तिच्यातून सरकारास किती सारा मिळेल यावरून ठरली. आणि महसुली दप्तराचे प्रयोजन पाहता त्यात गैर काही नव्हते. गैर हे, की ज्या माळावर नांगर चालत नाही तो निरुपयोगी, ही त्या दप्तराची दृष्टी उपग्रहाच्या युगातही बिनबोभाट वारशाने चालत आली. त्याच इंदापुरातील कडबनवाडीच्या माळावर आजही चिंकारा चरतात आणि लांडगे वावरतात. परंतु केंद्र सरकारचा 2019 चा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह उघडावा, तर विरळ झुडपांचे असे माळ देशभर पडीक म्हणून रंगविलेले आढळतात, आणि सर्व प्रकार मिळून ही पडीक जमीन देशाच्या क्षेत्रफळाच्या 16.96 टक्के भरते. याउलट एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक या संशोधकांनी उपग्रहप्रतिमांवरूनच निमशुष्क प्रदेशातील माळरानांसारख्या खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा सिद्ध केला, तेव्हा त्यांचा विस्तार सुमारे 3 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या भूमीचा अदमासे दहावा हिस्सा, असल्याचे दिसले. आणि त्यातील पाच टक्केही भूमी संरक्षित नाही. आकाशातला डोळा दोन्हीकडे सारखाच होता. पाहावयाचे काय, हे ठरविणारा माणूस तेवढा निराळा होता.

माळढोक पक्ष्याची हकिकत या संदर्भात बोलकी आहे. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत 1979 साली त्याच्यासाठी 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले, ज्याच्या हद्दीत गावे, शेते, रस्ते सारेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध पडल्याने रयत पक्ष्यावरच रुष्ट झाली आणि अखेरीस ते क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान उजनी धरणाचे पाणी फिरून जिरायतीच्या जागी ऊस उभा राहिला, आणि उरल्यासुरल्या माळावर वृक्षारोपणाच्या पुण्यकर्मात गिरिपुष्पाची रोपे लावली गेली. उघड्या माळावर दूरवर नजर टाकून शत्रू हेरणाऱ्या आणि जमिनीवरच बहुधा एकुलते एक अंडे घालणाऱ्या पक्ष्यास वृक्षांची दाटी उपकारक नव्हे. (झाड लावणे हे सर्वत्र आणि सर्वकाळ सत्कृत्यच, ही आपली समजूत एखाद्या दुष्काळाइतकीच चिवट आहे.) अधिवासाचा विचारपूर्वक केलेला नकाशा त्या काळी हाती असता, तर रेघ एवढी ऐसपैस ओढली गेली नसती, आणि तिच्या आतील माळाची अशी हेळसांडही झाली नसती.

तथापि अशा नकाशाचेही दोष असतात. पक्ष्याच्या नोंदी निरीक्षकाची मोटार जेथवर पोहोचते आणि जेथे निरीक्षणाची सोय असते तेथेच अधिक होतात. सबब संगणकास याच अभयारण्यातील नान्नजचा माळ परिचयाचा वाटतो आणि आडवाटेचा तितकाच उत्तम माळ अपात्र ठरतो. त्याहून मोठा पेच ऋतूचा आहे. माळढोकाचा विणीचा हंगाम मुख्यतः पावसाळ्यात येतो, आणि नेमके तेव्हाच ढगांमुळे उपग्रहास भूमी नीट दिसत नाही. मग निरभ्र उन्हाळ्यातील प्रतिमा वापरली जाते, जिच्यात पवन्या, शेडा, मारवेल ही तृणे वाळून वा चरून गेलेली असतात आणि श्रावणात कमरेएवढे गवत वागविणारा माळ केवळ उजाड भासतो. ढगांआडून पाहणारे रडारचे उपग्रह आता उपलब्ध आहेत. परंतु कोणत्या माळावर कोणत्या महिन्यात कोणते गवत असते आणि लांडगा कोठून उतरतो, हे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या धनगरास विचारावे, असे नकाशाकारांच्या मनात क्वचितच येते.

म्हणून पडीक जमिनींच्या पुढील नकाशासंग्रहात नैसर्गिक माळरानास स्वतंत्र वर्ग मिळावा, आणि गायरान सौरप्रकल्पास वा वृक्षलागवडीस देण्याचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांपुढे येईल तेव्हा सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत त्या गटाचा अधिवासनकाशा जोडणे सक्तीचे व्हावे. तो नकाशा पावसाळ्यात जागेवर जाऊन पडताळलेला असावा, विजेच्या तारांचा थर त्यात असावा, कारण समोरचे फारसे न दिसणारा जड माळढोक तारांवर आदळून मरतो. आणि मंजुरीपूर्वी तो ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखविला जावा.