फाइल कोणाची?

घरातले सर्वांत मोलाचे कागद कोणते, असे विचारले तर आपण जागेचा करारनामा, विम्याची पॉलिसी किंवा मुलांची प्रमाणपत्रे दाखवू. मला विचाराल तर तो मान कपाटाच्या खालच्या खणात कोंबलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा आहे. तिच्यात रक्त-लघवीचे रिपोर्ट असतात, दिवसेंदिवस पुसट होत जाणाऱ्या कार्डिओग्रामच्या पट्ट्या असतात आणि केवळ औषधवाल्यालाच लागणाऱ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या असतात. ही पिशवी बहुधा घरातली बाईच सांभाळते. पुरुषाला विचारावे तर "ती पांढरी, बारीक गोळी" यापलीकडे त्याला स्वतःचे औषधही सांगता येत नाही!

या पिशवीचे मोल मला गेल्या वर्षी नीट कळले. माझ्या थोरल्या वहिनी लेकीकडे नाशिकला गेल्या होत्या. तिथे न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. वहिनींच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, आणि तिच्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांना रोज घ्यावी लागते. इस्पितळातल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, आणि रक्ताची शेवटची तपासणी कधी झाली?"

प्रश्न अगदी रास्त होता. रक्त पातळ असताना शस्त्रक्रिया केली तर रक्तस्राव आवरणे कठीण, आणि गोळी भलत्या अंदाजाने थांबवली तर झडपेवर गुठळी धरण्याचे भय. पण उत्तर दादरच्या कपाटात होते. झडप बसवली त्या इस्पितळाला फोन केला, तर "रेकॉर्ड विभाग सोमवारी उघडेल, तेव्हा अर्ज घेऊन या" असे सांगण्यात आले. वार होता शनिवार. अखेर शेजारच्या काकूंनी आमच्याकडची किल्ली घेतली, कपाट उघडले आणि एकेका कागदाचा मोबाइलवर फोटो काढून रात्री साडेअकराला नाशिकला धाडला. वहिनी आता काठी घेऊन चालतात. डॉक्टरांचे उपकार आहेतच, पण काकूंचेही काही थोडे नाहीत.

आता गंमत पाहा. त्या दोन्ही इस्पितळांत टेबलाटेबलावर संगणक होते. बिल क्षणात निघत होते, त्यात कापसाच्या बोळ्याचीही नोंद सुटत नव्हती. म्हणजे नोंद ठेवण्याची कला अवगत होती. फक्त ती रोग्यासाठी वापरायची हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. संगणक आला की सुधारणा आली, असे आपण धरून चालतो. तो कोणाच्या सोयीने मांडला आहे, हे मात्र विचारत नाही.

हा विचार काही आजचा नाही. अमेरिकेतले डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून केसपेपरच्या मांडणीवरच बोट ठेवले. तोवर कागद कुठून आला त्यानुसार लावला जाई: प्रयोगशाळेचा एका बाजूला, परिचारिकेचा दुसऱ्या बाजूला. वीड म्हणाले, रोग्याची दुखणी क्रमाने लिहा आणि प्रत्येक नोंद त्या त्या दुखण्याशी जोडा. साधीच गोष्ट, पण तिने फाइलीच्या मध्यभागी रोग्याला आणून बसवले.

आपल्याकडे कायदाही रोग्याच्या बाजूचा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. केसपेपरची प्रत रोग्याला दिली पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार इस्पितळात दाखल झालेल्या रोग्याचे कागद ३ वर्षे जपायचे असतात, आणि मागणी केल्यास ७२ तासांत द्यायचे असतात. पण ज्याचा माणूस खाटेवर विव्हळत आहे, त्याला ७२ तास म्हणजे केवढे!

ही अडचण दूर व्हावी म्हणून सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यात प्रत्येकाला १४ आकडी 'आभा' क्रमांक काढता येतो. सगळ्यांची दुखणी दिल्लीतल्या एखाद्या कोठारात भरायची, अशी मात्र ही योजना नव्हे. कागद जिथे तयार झाला तिथेच राहतो. रोग्याने संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरांना तो पाहता येतो. कोणता कागद दाखवायचा आणि किती दिवस, हेही रोग्यानेच ठरवायचे. दिलेली संमती परत घेता येते. दादरचे इस्पितळ आणि नाशिकचे इस्पितळ अशा साखळीत खऱ्या अर्थाने जोडलेले असते, तर काकूंची झोपमोड झाली नसती. मात्र साखळी कडीइतकीच पक्की. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर आणि गल्लीतली प्रयोगशाळा तिच्यात आली नाही, तर क्रमांक नुसता क्रमांकच राहायचा.

"आणि आमचे दुखणे चव्हाट्यावर आले तर?" असे कुणी विचारील. शंका खरी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'च्या संगणकांवर हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या संस्थेला कित्येक दिवस हाताने कागद लिहून काम चालवावे लागले. म्हणून कुलूप भक्कम हवेच. पण त्याहून मला एस्टोनियाची रीत आवडते. तेरा-चौदा लाख वस्तीच्या त्या देशात २००८ पासून आरोग्याच्या नोंदी संगणकावर आहेत, आणि आपली नोंद कोणी उघडून पाहिली हे रोग्याला स्वतः पाहता येते. दाराला कुलूप असावे आणि घरात कोण येऊन गेले हेही मालकाला कळावे, याला म्हणतात मालकी.

ही मालकी केवळ स्मार्टफोनवाल्यांची होता कामा नये. ज्या आजींना मोबाइलवर फक्त हिरवे बटण ठाऊक आहे, त्यांच्या हाती स्वच्छ मराठीत छापलेला एक कागद पडला पाहिजे. रोग्याला समजत नाही ती नोंद कितीही वेगाने धावली तरी त्याच्या काय कामाची?

तोवर एक करा. या भाऊबीजेला बहिणीकडे जाल, तेव्हा ओवाळणीचे पाकीट देऊन झाले की तिच्यासमोर बसा. तिला आणि घरातल्यांना कोणती औषधे चालू आहेत, ती किती मिलिग्रॅमची, कोणते औषध सोसत नाही, कोणती शस्त्रक्रिया कधी झाली, हे माणशी एका कागदावर ठळक अक्षरात लिहून काढा. एक प्रत तिच्या पर्समध्ये, एक तुमच्या खिशात. दहा मिनिटांचे काम आहे. तेवढ्यात फराळही होईल.