अरण्यरुदनाचा आस्वाद

'अरण्यरुदन' हा शब्द आपण मराठीत निष्फळ आक्रोशासाठी वापरतो. ऐकायला कोणी नाही, म्हणजे रडणे वाया गेले, असा त्यामागचा हिशेब. पण कोणी ऐकावे अशी अपेक्षाच न बाळगणारा आक्रोश असू शकतो का? असला, तर त्याचा आस्वाद घ्यावा कसा? 'अॅटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अरण्ये, पर्वत आणि हिवाळे यांनी झपाटलेल्या संगीताविषयी लिहू लागताच हा प्रश्न आमच्यासमोर उभा राहतो. साहित्याच्या अभ्यासकांनी हे संगीत ऐकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ऐकताना विवेक बाजूला ठेवू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

प्रथमश्रवणी हा निव्वळ गोंगाट वाटतो. गिटारची तार इतक्या वेगाने पुन:पुन्हा छेडली जाते की स्वर सुटे उरत नाहीत. ड्रमचे आघात दाट आणि अखंड. गायक गात नाही, किंचाळतो. शब्द कळत नाहीत. ध्वनिमुद्रणही पुष्कळदा हेतुपूर्वक धूसर ठेवलेले. बहुतेक श्रोते येथेच उठून जातात. जो थांबतो त्याला थोड्या वेळाने वेगळाच अनुभव येऊ लागतो. मुसळधार पावसात थेंब मोजता येत नाहीत, ऐकू येते ती सलग सर. तसेच येथे घडते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की तो स्थिर भासू लागतो आणि त्या स्थिर पडद्याआड स्वरांचे समूह अतिशय सावकाश बदलताना जाणवतात. झऱ्याची खळखळ वा पक्ष्यांचा आवाज अधूनमधून येतो, पण या संगीताचे निसर्गाशी असलेले नाते अशा अनुकरणापुरते नाही. ते त्याच्या घडणीतच आहे.

नॉर्वेतील 'उल्वेर' या समूहाचा १९९५ सालचा 'बेर्गतात' हा अल्बम उदाहरणादाखल घ्यावा. शीर्षकाचा अर्थ 'डोंगराने नेलेली'. डोंगराच्या पोटात राहणाऱ्या अमानवी शक्ती माणसाला भुलवून आत नेतात, ही स्कँडिनेव्हियन लोककथांतली जुनी कल्पना. येथे ती एका मुलीची कथा म्हणून पाच प्रकरणांत, जुन्या वळणाच्या भाषेत सांगितली आहे. समूहगानासारखे शांत स्वर आणि कर्कश किंकाळ्या एकमेकांत मिसळत राहतात. मध्येच सारे थांबते, पियानो वाजतो आणि रानातून चालणाऱ्या पावलांचा आवाज येतो. पाठ्यपुस्तकांतल्या निसर्गकवितेने आपणांस निसर्गाकडे सखा म्हणून, फार तर मनोवस्थेचा आरसा म्हणून पाहायला शिकविले. या डोंगराला मुलीच्या मनोवस्थेशी काही कर्तव्य नाही. तो तिला नेतो, एवढेच.

एडमंड बर्क याने १७५७ साली उदात्ताची मीमांसा करताना विशालता आणि अस्पष्टता ही भयाची साधने मानली. आणि संकट अंगावर आलेले नसेल, काही अंतरावर असेल, तरच भयातून आनंद मिळतो, असेही म्हटले. हे विवेचन या संगीताला चपखल लागू पडते. शब्द कळत नाहीत, हा दोष म्हणावा तर खुशाल म्हणावा. पण शब्द बुडाल्यामुळेच गायकाचा आवाज वाऱ्यासारखा, दगड घसरल्यासारखा होतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील 'वुल्व्ज इन द थ्रोन रूम' यांच्या 'टू हंटर्स' (२००७) या अल्बमची अखेरची रचना अठरा मिनिटांहून मोठी आहे. आपली हाडे खडकांत आणि मुळांत ठेवण्याची इच्छा तिच्या शीर्षकातच आहे. माणसाने केंद्रस्थान सोडावे आणि मातीत मिसळून जावे, ही या परंपरेची सर्वांत खोल ओढ.

परंतु हीच ओढ तिच्या सर्वांत मोठ्या धोक्याचेही मूळ आहे, असे आम्हांस वाटते. १९९२ सालापासून नॉर्वेत चर्च जाळण्याचे सत्र सुरू झाले. 'बुर्झुम' या नावाने एकट्याने संगीत करणारा वार्ग विकर्नेस याला १९९४ साली, सहकारी संगीतकाराचा खून आणि चर्चची जाळपोळ या गुन्ह्यांसाठी २१ वर्षांची शिक्षा झाली. लोककथांतले राक्षस आणि धुकट डोंगर रंगविणाऱ्या थिओडोर किटेलसेनची चित्रे त्याच्या अल्बमांवर आहेत. या वातावरणप्रधान शैलीचा पाया घालण्यात त्याचा वाटा आहे, हे नाकारता येत नाही. तो उघड वंशवादी विचारांचा प्रचारक आहे, हेही नाकारता येत नाही. 'कलाकृती वेगळी, कलावंत वेगळा' या ठराविक उत्तराने येथे भागत नाही. कारण प्रश्न कलाकृतीच्या आतच आहे. चित्रातून माणूस पुसून टाकलेले अरण्य 'आमचे अरण्य' व्हायला वेळ लागत नाही. आणि 'आमचे' म्हटले की हाकलून लावायचे कोण, याची यादी आपोआप तयार होते. बर्कचे सुरक्षित अंतर येथे आपल्यालाच अडचणीत आणते. दूर बसून कानांना हेडफोन लावणाऱ्यास त्या आगीची धग लागत नाही, म्हणून तिला 'वातावरण' म्हणणे सोपे जाते.

मग हे संगीत सोडून द्यावे काय? आमच्या मते नाही. या प्रश्नाचे उत्तर याच परंपरेतून आलेले आहे. ऑस्टिन लन हा 'पॅनॉप्टिकॉन' या नावाने संगीत करतो. त्याच्या २०१२ सालच्या 'केंटकी' या अल्बमचा प्रारंभ बँजो आणि फिडल यांनी होतो, वसंतातल्या रानाच्या नावाने. पुढे तोच परिचित गोंगाट, तीच किंकाळी. पण हा डोंगर निर्मनुष्य नाही. त्यात चेरोकी लोकांच्या हत्याकांडाची कथा आहे, कोळसा खाणकामगारांचे संप आहेत, सुरुंगांनी उडविलेली पर्वतशिखरे आहेत. १९३१ साली हार्लन परगण्यातल्या संपाच्या काळात फ्लॉरेन्स रीस यांनी रचलेले, 'तू कोणत्या बाजूचा?' असे विचारणारे गीतही येथे गायिले आहे. लोकसंगीत आणि आक्रोश शेजारी बसताच आक्रोशाचा अर्थ बदलतो. पर्वताचे दु:ख आणि खाणीत उतरणाऱ्याचे दु:ख वेगळे काढता येत नाही.

म्हणून या संगीताच्या आस्वादाची एक कसोटी आम्ही सुचवितो. रचनेतले धुके किती दाट आहे हे जरूर पाहावे. पण त्या अरण्यात कोणाला जागा आहे आणि कोणाला पुसून टाकले आहे, हेही विचारावे. ही कसोटी संगीतापुरती नाही. निसर्गावरचे कोणतेही लेखन वर्गात शिकविताना ती उपयोगी पडेल. अरण्यरुदन व्यर्थ असते, कारण अरण्यात ऐकणारे कोणी नसते, असे आपण धरून चाललो होतो. अरण्य क्वचितच तितके रिकामे असते.