हसू आणि हसं

बातम्यांत हल्ली सगळे एकसारखेच हसतात. निवडून आलेला उमेदवार, पदक घेऊन परतलेली धावपटू, जामिनावर सुटलेला आरोपी, साऱ्यांच्या चेहऱ्यावर 'स्मितहास्य'. स्मित म्हणजेच मंद हसू. त्याला पुन्हा हास्याचं शेपूट कशाला? पण द्विरुक्ती एक वेळ चालेल. कोण, कोणाला, का हसलं हे सांगणारे शब्द हाताशी असताना ते आळसापायी अडगळीत पडतात, हे चालू नये.

कुत्सित हसणाऱ्याला आपली तुच्छता दिसायला हवी असते. छद्मी हसणाऱ्याला मनातलं लपवायचं असतं. चोरी पकडली गेली की हसू ओशाळं होतं. कसनुसं हसायला मात्र चूक करावी लागत नाही. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरने भरल्या एसटीत झापल्यावर म्हातारे आजोबा पिशवी सावरत आजूबाजूला बघून हसतात, ते कसनुसं. गालातल्या गालात हसणाऱ्याला काही ठाऊक असतं आणि ते तो सांगणार नसतो. मिस्कील हसणाऱ्याला ते आपण ओळखावं असं वाटतं. मूल खुदकन हसतं, त्यात कोणी दुखावत नाही. फिदीफिदी हसण्यापूर्वी बहुधा कोणाची तरी फजिती झालेली असते. आणि हसू येतं, पण हसं होतं. शेवटचा स्वर बदलला की हसणारेच बदलतात.

भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याच्या सहा पायऱ्या आहेत. स्मितात दात दिसत नाहीत, हसितात किंचित दिसतात. ही दोन उत्तम पात्रांची. विहसित, उपहसित मध्यमांची. डोळ्यांत पाणी आणणारी अपहसित आणि अतिहसित अधमांच्या वाट्याला. २०१५ साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडला, तो नेमका हसून डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा!

परवा लोकलमध्ये शेजारच्याने तसे चार चेहरे ओळीने पाठवले. त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती. हे हसू भरताच्या सहांत बसत नाही, मराठीतही त्याला अजून नाव नाही. उद्या त्या गृहस्थांची बातमी झालीच, तर त्यांनीही 'स्मितहास्य केले' असंच छापून येईल.