पहिल्या कॅमेऱ्याची कैफियत

छायाचित्रणाचा छंद नुकताच जडलेल्या माणसाने प्रारंभिक श्रेणीचा डीएसएलआर घ्यावा की नाही, हा प्रश्न नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावर चार जाणत्यांना विचारला, तर नकार दोन दिशांनी येतो. एक पक्ष म्हणतो, खिशात उत्तम मोबाईल असता गळ्यात हे लोढणे कशाला. दुसरा म्हणतो, घ्यायचाच तर मोठ्या सेन्सरचा मिररलेस घ्या, नाहीतर दोन वर्षांत पस्तावाल. दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना असली तरी चित्र यंत्र काढते, हे गृहीतकृत्य दोघांचेही एकच आहे; आणि माझी हरकत नेमकी त्यालाच आहे.

पहिल्या पक्षाचे म्हणणे खोटे नाही, अपुरे आहे. मार्गशीर्षातल्या एका पहाटे गोदाघाटावर, नारोशंकराच्या मंदिरासमोर, मी मोबाईलने चित्र घेतले. १७४७ साली बांधलेल्या त्या देवालयाचा काळा पाषाण, पायरीवरची एकच पणती आणि पाण्यावरून सरकणारे धुके एवढेच समोर होते. पण मोबाईलने क्षणार्धात अनेक चौकटी टिपून, त्यांचा आपल्या मनाने मेळ घालून, मला सकाळी आठ वाजताचा घाट दाखवला. नंतर निकॉनचा डी३५००, सोबत मिळालेल्या १८-५५ च्या लेन्ससह, डोळ्याला लावला. त्यानेही प्रथम पाषाण राखाडीच केला, कारण कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरची प्रत्येक वस्तू मध्यम छटेची आहे असे धरून चालतो. परंतु येथे त्या निवाड्यावर अपील करण्याची सोय होती. शटरच्या बटणाजवळचे अधिक-उणे चिन्हाचे बटण दाबून चाकती दोन-चार खाचा फिरवली, तेव्हा पाषाण काळा झाला, आकाश निळसर उरले आणि पणतीभोवतीचे तांबूस वलय आपल्या जागी परतले.

उजेड कमी करण्याची पट्टी मोबाईलमध्येही असते, असा आक्षेप कोणी घेईल. असते, परंतु बहुतेक मोबाईलांच्या भिंगाचे छिद्र कायम असते, आणि म्हणून छिद्र लहान केले की शटरचा काळ किती वाढवावा लागतो, तो वाढला की चालता माणूस कसा पुसट होतो, हा जो प्रकाशाचा सारा जमाखर्च, तो शिकणाऱ्याच्या हाती कधी पडतच नाही. आणि ओझ्याची तक्रार करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की बॅटरी व कार्डासह या कॅमेऱ्याची बॉडी सुमारे ४१५ ग्रॅम भरते.

दुसऱ्या पक्षाची एक गोष्ट मी निःसंकोच मान्य करतो: नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावरचे पक्षी ५५ मिलिमीटरच्या आवाक्यात येत नाहीत, आणि रामसर यादीत गेलेल्या त्या पाणथळीवर केवळ पक्ष्यांसाठी जाणाऱ्याला लांब लेन्सवाचून गत्यंतर नाही. मात्र ती उणीव लेन्सची आहे, बॉडीची नव्हे. डीएसएलआरच्या नव्या मॉडेलांचा ओघ आटला हेही खरे. पण त्यामुळेच तो जुन्या बाजारात परवडू लागला, हा शिकणाऱ्याचा लाभच म्हणायचा. राहिला आरोप किट लेन्स अंधुक असल्याचा. ५५ वर तिचे छिद्र ५.६ च्या पुढे उघडत नाही, म्हणून पहाटे शटर पंधरांशापर्यंत उतरते आणि घाट उतरणारा माणूस हलतो. मग कोपर गुडघ्यावर टेकवावे लागते, श्वास रोखावा लागतो आणि स्नानार्थी ओंजळ उचलून क्षणभर थांबतो त्या क्षणाची वाट पाहावी लागते. पाचपट किमतीच्या लेन्सने ही वाट पाहण्याची सक्तीच उरली नसती, आणि ती ओंजळही मला दिसली नसती.

येथे प्रतिपक्ष त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा दाखला देतो: त्यांनी तर १९१२ साली थेट लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा आणवला! आणवला, यात शंका नाही. परंतु त्याआधी बडोद्याच्या कलाभवनातील छायाचित्रणाचे शिक्षण आणि गोध्र्यातील स्टुडिओ अशी वर्षानुवर्षांची उमेदवारी त्यांच्या पाठीशी होती. आणि ते मोलाचे यंत्र हाती आल्यावर त्यांनी प्रथम काय केले, तर कुंडीत वाटाणा पेरून, महिन्याहून अधिक काळ, ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा चित्रपट असा सिद्ध झाला. ज्या दाखल्याने माझे खंडन व्हावे, तो माझ्याच बाजूने साक्ष देतो.

तेव्हा होतकरूने जुन्या बाजारातला असा कॅमेरा, शटर किती वेळा उघडले आहे याची खातरजमा करून आणि लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशी नाही ना हे पाहून, बेलाशक घ्यावा, वरची चाकती ‘ऑटो’वरून काढून, छिद्र आपल्या हाती देणाऱ्या ‘ए’वर आणावी, आणि महिनाभर रोज पहाटे, त्याच वेळी, नारोशंकराच्या त्याच भिंतीसमोर उभे राहून एकच चौकट घ्यावी.